बिनचेहऱ्याचा टाक

देवांना आंघोळ घालण्यापूर्वी आत्या पाण्यात कोपर बुडवून बघायची, तान्ह्या मुलासाठी बघतात तसं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी; पौषात तिथे सकाळी बोटं वाकत नाहीत. कुणी हसलं तर म्हणायची, "सव गावच्या कुंडात देवानं सोतासाठी गरम पानी ठेवलंय. मंग माझ्या घरात त्याला थंड कशाला?" आमच्या देव्हाऱ्यात मूर्ती नव्हत्या, टाक होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले कुळाचे देव.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा वारला आणि ती माहेरी आली ती कायमची. आमची आई गेल्यावर दादाला आणि मला तिनेच वाढवलं. देवांशी बोलायची तशीच आमच्याशी बोलायची, म्हणजे रागावून. भातावर कीड पडली की खंडोबाला दटावायची, "घोड्यावर बसून नुसता बघतोस काय रे? उतर खाली." नैवेद्य ठेवून उठताना म्हणायची, "मीठ कमी असंल तर गप खावा. मी बी त्येच खानार हाय."

वडिलांमागे वाटण्या झाल्या. खाचरं दादाला, घर दादाला, आणि थोरल्याकडे राहायची रीत म्हणून देवही दादाला. मला मिळालं डोंगरावरचं वरकस, ज्यात नाचणीसुद्धा नाइलाजाने उगवते. मी महाडला आलो, दुसऱ्यांची कौलं वाहिली, मग स्वतःची कौलांची वखार टाकली. ती वाटणी मी विसरलेलो नाही.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा वाटणी पुन्हा टोचली. लग्नाआधी कुळाचार टाकांपुढे करायचा, म्हणजे दादाच्या दारात जाऊन उभं राहायचं. मला तो माझ्या दारात हवा होता. मी वर जाऊन दादाला म्हटलं, "तुझं छप्पर गळतंय. सगळी कौलं मी देतो. टाक मला दे."

दादाने तोंड उघडण्याआधी आत्या चुलीपासून म्हणाली, "देव काय वखारीतला माल हाय? आनि कौलं कंची देनार रे, फुटकी?"

मी तसाच खाली उतरलो आणि महाडच्या सोनाराला नवे टाक करायला सांगितले, दादाच्या टाकांहून जाड. त्याने देव विचारले. खंडोबा, भवानी, भैरी, जोगेश्वरी. "आणि पाचवा?" पाचवा टाक पिढ्यानपिढ्या घासून गुळगुळीत झाला होता. "बाई की पुरुष, एवढं तरी सांगा," सोनार म्हणाला. लहानपणापासून ज्याला हात जोडले, तो कोण हे मला सांगता येईना.

पुन्हा चढ चढलो. दादा ओटीवर आरामात बसला होता. "मला ठाव हाय," तो म्हणाला. "पन तुला कशापायी सांगू?"

आत्या हसायलाच लागली. "त्याला काय ठाव हाय? गेल्या शिमग्याला मलाच इचारत होता, आत्या, ह्यो कोन गो?"

दादा आढ्याकडे बघू लागला.

"मग तू सांग," मी म्हटलं.

"मला बी ठाव नाय. माझी आजी त्याला 'आपला' म्हनायची, म्हनून मी बी म्हनते. पयली आंघोळ त्याची. त्याला तोंड नाय, तो मागनार कसा?"

"आणि सोनाराला काय सांगू?"

"हाय तसाच कर म्हनावं. डोळं नको, मिशी नको. आपल्याला ठाव नाय त्ये त्याच्या तोंडावर कशाला काढायचं?"

तसा करायचा तर सोनाराला जुना टाक दाखवायला हवा. दादा ताडकन म्हणाला, "देव एकटा उंबऱ्याभायेर जायचा नाय."

"मंग तू जा त्याच्यासंगं," आत्या म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला टाक छातीशी धरून दादा एसटीत माझ्या शेजारी बसला. महाडला सोनाराला टाक दाखवून आम्ही माझ्या घरी आलो. माझ्या घरात तो तोवर कधी जेवला नव्हता. बायकोने पान वाढलं तेव्हा त्याने पंचा सोडून टाक पुढे केला. "आदी ह्याला दाखव," तो म्हणाला, "मंग मला."

नवे टाक जुन्यांना भेटवल्याशिवाय पुजायचे नाहीत, म्हणून तयार झाल्यावर ते वाडीवर नेले. आत्याने दोन्ही बिनचेहऱ्याचे टाक एका ताम्हनात ठेवले, पाण्यात कोपर बुडवलं आणि तांब्या आमच्यापुढे धरला. "दोघं मिळून वता. सांडू नका."

कुळाचार माझ्या दारात झाला आणि पाटावर दादा बसला. पुढे कौलंही वर गेली. दादाने दराची अशी घासाघीस केली की वखारीत त्यालाच बसवावं. ते मी अजून त्याला ऐकवतो.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात आत्या गेली. तिचा एकही फोटो कुणी काढला नव्हता. मला त्याची फार रुखरुख लागली. आता तिचा चेहरा आठवायला बसलं की नाक निसटतं, हनुवटी निसटते. पाण्यात बुडलेलं कोपर मात्र स्पष्ट दिसतं.

धाकट्या सुनेने आल्या आल्या विचारलं, "मामंजी, हा कोणता देव?"

"आपला," मी म्हटलं. "पहिली आंघोळ त्याची."

थंडीत मी पाण्यात कोपर बुडवून बघतो. वाडीवर दादाही बघतो. तो पाणी जरा जास्तच कडत घेतो, पण त्याला सांगणार कोण?