ज्वारीत टांगलेली डिस्क

मोठीबाई टीव्ही उभ्यानं पाहायची. सगळं घर सतरंजीवर पसरलेलं असायचं आणि ही पदर खोचून, कमरेवर हात ठेवून टीव्हीच्या पुढ्यात. बस म्हटलं की म्हणायची, "बसून आयकनं होते बाबू, पाहनं होत नाई." ती माझी थोरली बहीण. वडनेरला दिलेली. माझं हिंगणघाटला टीव्हीचं दुकान होतं, त्यामुळे घरातल्या प्रत्येक विजेच्या वस्तूबद्दल शेवटचा शब्द माझा, असं दोन्ही घरांनी धरून ठेवलं होतं. मीही धरून ठेवलं होतं.

कापूस घरात आला की बाई त्यातला एक पुंजका घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायची आणि धागा उन्हाकडे करून डोळे बारीक करायची. टीव्हीलाही तीच परीक्षा. दुकानात गिऱ्हाइकं रंग पाहत, बाई म्हणायची, "समोरची बाई तं कोनालेबी दिसते. मांगं जो उभा हाय त्याचं तोंड दिसते का, ते सांग." एकदा बातम्यांत कुठल्याशा सभेत पुढारी हात उडवून बोलत होता. बाई ओरडली, "अवो, हा पाहा आपला नाम्या! बायकोले सांगून गेलता समुद्रपूरले बियानं पाहाले जातो म्हून!" आम्ही सगळे पुढाऱ्याकडे पाहत होतो. नाम्याचा अर्धा कान आणि टोपी, एवढंच पडद्यावर होतं. संध्याकाळी नाम्याच्या घरी जे व्हायचं ते झालं.

भाच्याच्या लग्नात फोटोग्राफर नवा कॅमेरा घेऊन आला होता. गावातलाच होतकरू माणूस. त्यानं दोन डिस्क दिल्या, एक साधी आणि एक निळ्या डबीतली. साधी चालली. निळी घातली की प्लेयर ती बाहेर ढकलायचा आणि पडद्यावर 'नो डिस्क' यायचं. मला बोलावणं आलं. मी डिस्क उलटीपालटी केली, फुंकर मारली आणि चार माणसांत निकाल दिला, "कोरी आहे. फसवलं तुम्हाला त्यानं."

गावाला एवढं पुरलं. 'कोरी डिस्क देणारा' हे त्याचं नावच पडलं. पुढच्या हंगामात त्याला एकही लग्न मिळालं नाही. दुकान बंद करून तो वर्ध्याला, बोरगाव मेघेला राहायला गेला.

बाईनं मात्र ती डिस्क फेकली नाही. मधल्या भोकातून सुतळी ओवून ज्वारीत टांगली. ऊन पडलं की लखलख करायची, पाखरं बिचकायची. सुगी झाली की घरच्या खुंटीला, कणसं भरली की पुन्हा शेतात. "कोरी असो का भरली, कामाची हाय," ती म्हणायची.

नंतर माझ्या दुकानात ब्लू-रेचे, म्हणजे जास्त बारीक चित्र दाखवणाऱ्या डिस्कचे, स्वस्तातले प्लेयर आले. सोबत नमुन्याची डिस्क होती, तशाच निळ्या डबीत. ती हातात घेतली आणि माझ्या लक्षात आलं. वडनेरची डिस्क कोरी नव्हती. साध्या प्लेयरला ती वाचताच येत नव्हती, आणि मलाही. मी गप्प बसलो.

त्याच साली भाऊजी गेले. ते कॅमेऱ्यापासून पळणारे. "मले फोटोचा शौक नाई," हे त्यांचं पालुपद. मागे उरला तो ओळखपत्रावरचा, पोलिसांनी पकडल्यासारखा एक फोटो. लग्नाच्या साध्या डिस्कमध्ये मागची माणसं म्हणजे नुसते पिठाचे गोळे. काही दिवसांनी बाई दुकानात आली, नमुन्याची निळी डबी पाहिली आणि नव्या प्लेयरवर बोट ठेवून म्हणाली, "हा डब्बा घेन्यासारका हाय का बाबू?"

"नाई," मी म्हणालो. "आता मोबाइलवर सगळं दिसते. याच्या डिस्का कुठं भेटते आपल्या इकडं? फुकटची अडगळ."

हे मी सगळ्यांनाच सांगायचो, आणि बहुतेकांसाठी ते खरंही होतं. पण ज्याच्या घरी जगात दुसरीकडे कुठेच नाही अशी एक डिस्क आहे, त्यानं तो डबा डोळे मिटून घ्यावा. बाईच्या घरी ती होती. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी नाही म्हणालो.

पुढच्या आठवड्यात बाई एसटीनं वर्ध्याला गेली आणि तिकडून प्लेयर घेऊन आली. मग मला निरोप आला, "येजो."

गेलो तेव्हा ती आपल्याच शेतातल्या कापसानं डिस्क पुसत होती, लेकराचं तोंड पुसावं तशी. सुरुवातीला चित्र अडखळलं, थांबलं, आणि मग अख्खा मांडव उभा राहिला. नवरदेव-नवरी पुढे होती. बाईनं बोट त्यांच्या मागे नेलं. "तिथं पाह्य."

पाण्याच्या स्टीलच्या ड्रमापाशी भाऊजी उभे होते. ड्रमाच्या चकचकीत अंगात स्वतःला पाहत फेटा सारखा करत होते. एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. मग मिशीवरून बोट फिरवून स्वतःशीच खुशीत हसले.

"जिंदगीभर म्हने शौक नाई!" बाई हसता हसता भिंतीला टेकली. "पाह्य ना कसा नटून राह्यला बुढा!"

मला राहवलं नाही. "बाई, डिस्क कोरी नव्हती. मले कवाचं मालूम होतं."

"मले बी मालूम होतं तुले मालूम हाय म्हून."

"कसं?"

"नाई म्हनताना तू माह्याकडं पाह्यलंच नाई." तिनं प्लेयर बंद केला. "पन मले काऊन सांगतं? मी कुठं गाव सोडून गेलती? ज्याले सांगायचं त्याले सांग."

मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. बाई या उन्हाळ्यात गेली. तिच्या तेरवीला, जेवायला बसलेल्या त्याच गावासमोर मी उभा राहिलो आणि सांगितलं की डिस्क भरलेली होती, फोटोग्राफरनं कुणाला फसवलं नाही, चूक माझी. दुसऱ्या दिवशी बोरगावला जाऊन त्यालाही सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "चित्र कसं आलंय?"

तो डबा आता माझ्याकडे आहे. परवा डिस्क लावली आणि, का कोण जाणे, उभा राहून पाहिली. ड्रमापाशी भाऊजी फेटा सारखा करत होते. त्यांच्याही मागे, सैपाकाच्या मांडवाच्या दारात, हातात पराती घेऊन बाई थबकली होती आणि नवऱ्याचं ते नटणं एकटक पाहत होती. म्हणजे तिनं ते त्याच दिवशी पाहिलं होतं. ते पुन्हा पाहायचं होतं म्हणून तर तिनं ती डिस्क जपली, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. समोर उभ्या माणसाला तोंडानं काय सांगायचं, मागचं त्याचं त्याला दिसायला पाहिजे, असंच ती म्हणाली असती.