बंद शटर आणि रोमची चूल

आमच्या मराठी ज्येष्ठ मंडळाची वार्षिक सभा बेकायदेशीर आहे, असे मी उभे राहून सांगितले तेव्हा लोक खुर्च्या एकावर एक रचू लागले होते. मला राग लवकर येतो, आणि आला की मी तो लेखी कळवतो. परदेशातल्या या क्रेगीबर्न उपनगरात राहायला आल्यापासून नगरपालिका, बस कंपनी आणि शेजारच्या घराचा बिल्डर या सर्वांना त्याचा अनुभव आहे. पण त्या दुपारी लिहिण्याइतका धीर मला धरवला नाही.

घडले ते असे. मंडळ शुक्रवारी दुपारी एका छोट्या सभागृहात जमते. त्याला लागून स्वयंपाकघर आहे, आणि मध्ये भिंतीत वर-खाली होणारे शटर. विषय होता मंडळाची वेळ शनिवार संध्याकाळवर नेण्याचा, आणि जागाही बदलण्याचा. नवे सभागृह उपनगराच्या दुसऱ्या टोकाला होते. कारण खोटे नव्हते. शुक्रवारी मुले-सुना कामावर असतात, शनिवारी ती आईवडिलांना गाडीने सोडू शकतात. ठराव वाचला जात असताना स्वयंपाकघरात तिघीजणी सभेसाठीच चहा करत होत्या. बॉयलरचा आवाज फार होतो म्हणून कुणीतरी शटर खाली ओढले. हात वर झाले, मोजले गेले, ठराव मंजूर झाला, आणि मग शटर उघडून चहा बाहेर आला.

त्या तिघींपैकी एक बाई वसईच्या, मुंबईच्या रुग्णालयात आयुष्य काढलेल्या परिचारिका. मुलाकडे राहतात. मुलगा शनिवार-रविवार रात्रपाळीला असतो, नातवंडे इंग्रजीतच उत्तरे देतात. आमचे सभागृह त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शुक्रवारची दुपार एवढाच त्यांचा मराठी बोलण्याचा वेळ. तो वेळ त्यांच्याकडून काढून घेतला जात असताना त्या आमच्यासाठी आले किसत होत्या.

अध्यक्ष पुण्याचे, आयटीतले, समितीत वयाने सर्वांत लहान आणि मनाने चांगले. त्यांना मी त्याच रात्री पत्र लिहिले. उत्तरादाखल फोनवर एक अंगठा आला. दुसरे पत्र मी अधिक सविस्तर लिहिले आणि हातात नेऊन दिले.

"काका, तीन पानं?" ते म्हणाले. "आणि यात रोम कुठून आलं?"

रोमशी माझी ओळख फार जुनी आहे. कायद्याच्या अभ्यासाला रोमन कायद्याचा पेपर होता. सहाध्यायी तो उत्तीर्ण होण्यापुरता वाचत. मी त्यात अडकलो तो कायमचा. ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात वकिली करताना मला ती माणसे रोज आठवत. रोमन लोकांचे आपल्या देवांशी असलेले नाते भक्तीपेक्षा कराराच्या अधिक जवळचे होते. देवाला जे कबूल केले ते ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमाने द्यायचे. विधी चालू असताना बासरीवाला मध्येच थांबला, तरी विधी सदोष ठरू शके, आणि मग तो पहिल्यापासून पुन्हा. एकदा तर एका अधिकाऱ्याने प्रार्थनेत रोमच्या जनतेचा उल्लेख गाळला, म्हणून अख्खा उत्सव पुन्हा करावा लागला. लोक याला कर्मठपणा म्हणतात. मी म्हणत नाही. ज्या समाजाला देवापुढे शब्द गाळता येत नाही, त्याला नागरिकापुढेही तो सहज गाळता येत नाही. त्यांची कायद्याची शिस्त देवळाच्या पायरीवर तयार झाली, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

"आपण प्रार्थनेतून जनताच गाळली आहे," मी अध्यक्षांना म्हणालो. "तिघी सभासद सभागृहात होत्या आणि सभेत नव्हत्या."

"काका, चिल. तीन मतांनी काय फरक पडला असता? आपण भरपूर मतांनी जिंकलो."

"मुद्दा फरकाचा नाही."

"हे क्रेगीबर्न आहे, रोम नाही."

"रोमही आधी टेकड्यांमधल्या चिखलात उभी राहिलेली वस्तीच होती. तुमच्या गल्लीत तर फुटपाथ आत्ता झाला."

ते हसले. तेवढ्यात मी दुसरा मुद्दा पुढे केला, जो मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. रोमने आपली चूल शहराच्या भर चौकात ठेवली होती. वेस्ता ही चुलीची देवी. तिच्या गोल देवळात मूर्ती नव्हती, फक्त विस्तव होता. तो राज्याचा विस्तव, आणि तो विझणे हे राज्याचे संकट. तो राखणाऱ्या स्त्रिया रस्त्याने निघाल्या की देशाचे सर्वोच्च अधिकारी बाजूला होत. त्यांच्यावरची बंधने क्रूर होती, आणि नेम मोडल्याची शिक्षा भयंकर. ते मी लपवत नाही. पण विस्तव राखणारी व्यक्ती सार्वजनिक आहे, तिचे स्थान आतल्या खोलीत नाही, हे त्या शहराला कळत होते. आम्ही मात्र आवाज होतो म्हणून शटर ओढले.

अध्यक्षांनी पत्राची घडी घातली. "बरं, परत घेऊ सभा. मग चहापण परत का?"

"चहा नंतर. सगळे बाहेर बसल्यावर."

पुढच्या शुक्रवारी सभा पुन्हा झाली. अगदी पहिल्यापासून: प्रार्थना, हजेरी, मागच्या वर्षाचा अहवाल. काहीजण कुरकुरले. एका गृहस्थांनी मला ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "वकीलसाहेबांनी बोकडपण आणलाय का बळी द्यायला?" मी त्यांना सांगितले, की बळी चोख असावा लागतो, त्यामुळे त्यांना काळजीचे कारण नाही. शटर वर होते, बॉयलर बंद.

वसईच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. हातात सवयीने आणलेला चहाचा फडका होता. तो त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"शनिवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये मिस्साला जाते," त्या म्हणाल्या. "तिथून नव्या हॉलला यायचं तर दोनदा बस बदलून. आणि रात्री परतायला बसच नाही. म्हणजे मी येणार नाही. एवढंच सांगायचंय. आता काय ते मत द्या."

हात वर झाले. ठराव पुन्हा मंजूर झाला, या वेळी थोडक्या मतांनी. सभागृहात कुणी माझ्याकडे पाहिले नाही. मी निकाल माझ्या वहीत उतरवून घेतला, कारण तो वैध होता आणि वैध निकाल मला मान्य करावाच लागतो. नाहीतर आयुष्यभर मी केले काय?

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेलो. "बाई, तुमच्यासाठी मी काही मिळवू शकलो नाही."

"वकीलसाहेब, मागच्या वेळी मी नव्हतेच," त्या म्हणाल्या. "आज होते, आणि हरले. माझ्या तोंडावर हरवलं. ते चालतं मला." मग कपाकडे बघून, "साखर कमी झालीये. आज अध्यक्षांनी केलाय ना."

त्याच सभेत मी एक नियम मंजूर करून घेतला: मतदानाच्या वेळी स्वयंपाकघराचे शटर उघडे असेल आणि आतील सर्व सभासद बाहेर असतील. विरोधात कुणी नव्हते. बोकडाचे विचारणाऱ्या त्या गृहस्थांनीही हात वर केला.

आता दर शनिवारी मी गाडी घेऊन चर्चच्या समोर थांबतो. प्रार्थना संपली की त्या दारातून सर्वांत शेवटी येतात, कारण कुणाशी तरी बोलत असतात. त्यांना नव्या सभागृहात नेतो आणि रात्री घरी सोडतो. येताना त्या मला मराठीतच रस्ता सांगतात, मला तो पाठ असला तरी. चर्चसमोर वाट पाहताना मी बस कंपनीला पत्र लिहितो. परतीची बस सुरू होईपर्यंत ती पत्रे जात राहतील.