'का' काढलेला अर्ज

शनिवार पेठेत घरोघरी वेगवान इंटरनेट पोचावं म्हणून आमच्या दारासमोरचा फूटपाथ खणला. इंटरनेट पोचलं, खड्डा राहिला. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा म्हणायचा, "आई, स्पीड बघ!" मी काय बघणार कपाळ! त्याच खड्ड्यात हे पडले. यांना आधीच कमी दिसतं, त्यात खुबा मोडला. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता बाहेर चाला. हे म्हणाले, "घरात चालतो की." रोज संध्याकाळी मित्रांच्या कट्ट्यावर जाणारा माणूस खिडकीशी बसून राहायला लागला. मला ते बघवेना.

माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता. महापालिकेत ठोकला अर्ज: "खड्डा अद्याप का बुजवला नाही?" मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी उत्तर आलं. 'का' हा प्रश्न आहे, प्रश्न ही माहिती नव्हे, सबब अर्ज निकाली. वा! जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण प्रश्नचिन्हाला इतका घाबरणारा विद्यार्थी पहिल्यांदाच भेटला.

ठीक आहे. 'का' काढला, प्रश्नचिन्ह काढलं. "खड्डा बुजवल्याच्या नोंदीची प्रत मिळावी." शुद्ध विध्यर्थ! नोंद नाही असं लेखी देऊ देत, मग बघतेच एकेकाकडे, असा माझा बेत होता.

प्रत आली की हो! "काम पूर्ण. स्थळपाहणी केली. समाधानकारक." खाली सही, शिक्का. तारीख वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. हे पडले त्याच्या आदल्या आठवड्यातली तारीख होती.

तो कागद घेऊन तडक कार्यालयात गेले. सही करणाऱ्या साहेबांना म्हटलं, "अहो, बुजलेल्या खड्ड्यात माणूस पडतो कसा, तेवढं आपण समजावून सांगा."

"बाई, हाही प्रश्नच झाला."

"झाला ना? आता अपिलात विचारते. आपल्या सहीसकट."

चार दिवसांत खड्डा बुजला. अगदी गुपचूप. नोंद तरी कशी करणार, तो आधीच बुजलेला ना!

त्या संध्याकाळी यांना बळेच बाहेर काढलं. तिथवर आल्यावर हे थबकले. काठीने जमीन ठोकून पाहिली, माझं मनगट घट्ट धरलं.

"नक्की बुजवलाय ना? लेखी घेतलंस का?"

"लेखी नको हो," मी म्हटलं. "लेखी बुजला होता, तेव्हाच तर पडलात."