कंत्राटी नणंद

नोकरी जाण्याची भीती मुंबईत कुणाला नसते? पण त्या भीतीचा दरवर्षी रीतसर सराव करणारी आणि त्यापायी आख्ख्या घराला वेठीस धरणारी बाई मी एकच पाहिली आहे, आणि ती नेमकी माझी नणंद आहे. जोगेश्वरीच्या एका सरकारी दवाखान्यात ती लॅब टेक्निशियन होती. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट द्यायचा. काम बारमाही, माणूस मात्र अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपला की घरी बसवायचं आणि नवी ऑर्डर निघाली की पुन्हा बोलवायचं. ही ऑर्डर कधी वेळेवर निघे, कधी लटकत राही. दुसऱ्या कुणी यावर चार दिवस काळजी केली असती. हिने त्यावर आयुष्य बेतलं.

करार संपत आला की 'या वेळी बोलावलंच नाही तर?' हा ताप तिला चढे. मग ती पोटापाण्यासाठी नवा धंदा शिकायला घेई, आणि शिकायचा कुणावर, तर मुलुंडला राहणाऱ्या भावावर आणि भावजयीवर. एका वर्षी केक झाले. "बहिणीने केलाय, खायला पाहिजे," म्हणत माझ्या नवऱ्याने चहात बुडवून दोन तुकडे गिळले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला नाही. पुढच्या वर्षी योगासनं. आमच्या सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना गच्चीवर जमवून तिने एका काकांचे पाय डोक्यामागे नेले. नेले ते गेले, परत येईनात. काकांना उलगडायला वॉचमनला वर बोलवावं लागलं. त्यांची बायको लिफ्टमध्ये अजून माझ्याशी बोलत नाही. मग आलं ब्युटी पार्लर. घाटकोपरला मावसबहिणीचा साखरपुडा होता म्हणून मी मूर्खासारखी तिच्यासमोर भुवया करायला बसले. एक भुवई झाली आणि तिचा फोन वाजला.

"ऑर्डर निघाली, वहिनी," असं म्हणून ती दोरा माझ्या मांडीवर टाकून उठलीच.

"अगं, आणि दुसरी भुवई?"

"कुठेतरी करून घे ना. मला आजच जॉइन व्हायचंय."

साखरपुड्याच्या फोटोंत मी एका बाजूने प्रसन्न दिसते आणि दुसऱ्या बाजूने संतापलेली. त्या दिवशी दुसरी बाजूच खरी होती.

ऑर्डर हातात पडली की ही बाई निराळीच होई. कालपर्यंत रडकुंडीला आलेली, आज आम्हाला उपदेश करायला मोकळी. "दादा, प्रायव्हेटचं काही खरं नसतं रे. आमचं कसं, शेवटी गव्हर्नमेंट आहे." दादा लग्नाआधीपासून एकाच कंपनीत चिकटलेला. तू परमनंट कधी होणार असं हिला कुणी विचारलं, की हिचं उत्तर तयार असे, "परमनंटची फाईल वर गेलीय." मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती फाईल वर जाते आहे; एव्हाना ती चित्रगुप्ताच्या टेबलावर पोचली असेल.

लग्नाचंही तिने तेच केलं. बोरिवलीचा एक सरळ माणूस, आयटीआयमध्ये शिकवणारा, तिला मनापासून आवडला होता. त्याचा होकार होता, घरच्यांचा होता. हिचं मात्र, "या वेळची ऑर्डर येऊ दे, मग बघू." ऑर्डर आली तर, "परमनंटचं कळू दे." तो थांबला, चांगला थांबला, आणि शेवटी दुसरीकडे ठरवून स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला. ही त्याला म्हणते, "बरं केलंस. माझं काही फिक्स नाही रे." असं म्हणून तिने त्याला आग्रहाने आणखी पोहे वाढले. मला तेव्हा तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

आणि मग एका वर्षी ऑर्डर निघालीच नाही. लॅबचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं आणि जुन्या कंत्राटी लोकांना नमस्कार केला. मी धास्तावले. आता केक, आसनं आणि दोरा घेऊन ही कायमची मुलुंडला येणार. ती आली नाही. आठवडाभर फोनही उचलला नाही, तेव्हा मीच सकाळी उठून जोगेश्वरीला गेले. इस्त्रीचा ड्रेस घालून, केस घट्ट बांधून, डबा भरून ती पलंगावर बसली होती.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही."

"मग डबा?"

"सवयीने भरला गेला."

जिचा इतकी वर्षं सराव केला ती गोष्ट समोर उभी राहिली, तर या बाईला काही म्हणजे काही सुचेना. मी वैतागून म्हटलं, "एवढे कोर्स केलेस. त्यातलं काहीतरी कर."

"ते करायला कुठे शिकले होते, वहिनी? हात रिकामे राहिले की भीती वाटायची." मग ती म्हणाली, "मला रक्त काढायला आवडतं गं. लहान पोरं रडत नाहीत माझ्याकडे."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. तो डबा आम्ही दोघींनी खाल्ला.

त्यानंतर अर्जांसाठी मी तिच्या मागे इतकी लागले की तिला माझा कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्यातून अंधेरीच्या एका खाजगी लॅबमध्ये नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी तिने तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, मुदत कधी संपते?"

"कसली मुदत?"

"माझी."

बाईंना प्रश्नच कळला नाही. "तुम्हाला जमतंय तोवर या," त्या म्हणाल्या. संध्याकाळी फोनवर हे सांगताना ती चक्क घाबरलेली होती. "शेवटची तारीखच नाही, वहिनी. मग माणसाने काय धरून चालायचं?" मी तिला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काही महिन्यांनी एका रविवारी तिने मला बोलावलं. खिडकीला जाळी बसवायला माणूस आला होता. इतकी वर्षं कबुतरं तिच्या खोलीत घरच्यासारखी वावरत. जाळी बसव म्हटलं की, "उद्या नोकरी गेली तर गावालाच जायचंय, कशाला?" हे ठरलेलं. माणूस जाळी ठोकून गेला. कबुतरं बाहेरच्या कठड्यावर बसून आत बघत राहिली, ही आतून त्यांच्याकडे.

"आता पलंग खिडकीपाशी घेता येईल," ती म्हणाली. "सकाळचं ऊन छान येतं तिथे."

आम्ही दोघींनी पलंग ओढला. तो होता तिथली फरशी नवीकोरी निघाली, बसवली त्या दिवसासारखी. तिच्यावरून कुणी कधी चाललंच नव्हतं. मी केरसुणी आणायला वळले तर ती म्हणाली, "थांब जरा," आणि चपला काढून त्या फरशीवर जाऊन उभी राहिली.