एकोणीस दिवसांची सावड

टोकावड्याला एसटी थांबली तेव्हा नात म्हणाली, "आजा, तुमी नका येऊ. तुमी भांडाल."

मी आधी चढलो आणि खिडकी धरली. कडक टोपी घातली होती. भांडायलाच तर निघालो होतो.

वैशाली मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही, पालकांना आणा, असा निरोप आला. तिचा बाप वाशिंदला कारखान्यात, त्याला पाळी सुटत नाही. म्हणजे पालक मीच. आणि हजेरी कमी झाली तीही माझ्यामुळेच. आवणीला (भातलावणीला) मी तिला घरी ठेवलं. आमच्याकडे सावड असते: आज सगळे माझ्या शेतावर, उद्या मी त्यांच्या. घरटी एक माणूस गेलंच पाहिजे. एकोणीस दिवस ती गेली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. मुरबाडकडचं आमच्यापेक्षा पुढे होतं. मला ते आवडलं नाही, म्हणून मी डोंगराकडे बघत बसलो.

स्टँडवर उतरल्यावर ती म्हणाली, "इकडून, आजा." मी म्हटलं, "तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून मी इथल्या बाजाराला येतोय." आणि दुसरीकडे वळलो. पोर मागे आली. रस्ता भाताच्या गिरणीच्या भिंतीशी संपला. तिथे तवसं (मोठी काकडी) विकणारी बाई बसली होती.

"कॉलेज मागं राहिलं, बाबा. नातीचं ऐकलं नाय वाटतं?"

"मी तवसं घ्यायला आलोय," मी म्हणालो. मग घ्यावं लागलं.

ते काखेत मारून कॉलेजात शिरलो. मंडळी, मुरबाड तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, पण हे आतून पाहिलं नसेल. एका खोलीत काचेच्या नळ्यांत निळं पाणी, आणि पोरी ते दिव्यावर तापवतायत. आपल्या कातकरवाडीतली एक पोर पांढरा कोट घालून उभी होती. मला बघून हसली. मी पण हसलो, भांडण तिथेच निम्मं उतरलं.

निरोप धाडणाऱ्या मॅडम माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. उठून खुर्ची दिली.

"बाबा, वैशाली हुशार आहे. पण हजेरी नाही."

"नाय कशी? एक दिवस चुकली नाय. विचारा गावात."

"शेतावरची हजेरी माझ्या वहीत कशी लावू?"

वैशाली जमिनीकडे बघत होती. मला कोणी असं अडवत नाही. मी जरा वेळ तवसं या मांडीवरून त्या मांडीवर केलं.

"मॅडम, सावड घेतली की फेडायची असते. मी तुमचे एकोणीस दिवस घेतलेत. रविवारी घ्या फेडून."

मॅडम हसल्या. "मग मलाही रविवारी यावं लागेल की!" पण वही उघडली. शहापूरकडच्या चार पोरीही आवणीतच अडकल्या होत्या. "पाचही जणींचे राहिलेले तास रविवारी घेते. भरून काढले तर परीक्षेला बसवायचं, हे मी प्राचार्यांशी बोलते. पण बाबा, आता कापणी येईल. तेव्हा पाठवाल?"

हे माझ्या ध्यानात नव्हतं. कापणीची पण सावड असते.

"पाठवीन," मी म्हणालो. मॅडमनी कागद पुढे केला. मी अंगठा देत नाही, सही करतो. मोठी केली. बाहेर प्राचार्यांचा होकार येईपर्यंत बाकावर बसलो. तो आला तेव्हा मॅडमनी मीठ मागवलं आणि सगळ्यांनी मिळून तवसं संपवलं.

येताना एसटीत मी विचारलं, "आवणीच्या वेळी बोलली का नायस गो?"

"बोलले व्हते, आजा. तुमी म्हणालात, कॉलेज कुठं पळून जातंय?"

म्हणालो होतो. टोकावडं येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो, पण भात काही दिसलं नाही. सगळ्या घरांची सावड मला तोंडपाठ असते. या पोरीच्या कामाची मी कधी धरलीच नव्हती.

कापणीच्या पहिल्या रविवारी तिला एसटीत बसवून मी विळा घेऊन शेजारच्या पांडूच्या बांधावर गेलो.

पांडू ओरडला, "तात्या, म्हातारपणी तुमी कशाला? नात कुठं?"

"ती तिकडची सावड फेडतेय," मी म्हणालो. "हिकडची मी फेडतो. सरक, माझी ओळ कुठली?"