सगळ्यांना मान्य?

निर्मलाताई त्या दिवशी शेजारी नसत्या, तर मीही हात वर केला असता.

आमच्या कारखान्यातल्या लोकांच्या फंडाचे पैसे कुठे गुंतवायचे, ते एक समिती ठरवते. कामगारांतर्फे तिच्यात मी आहे. शाळा सातवीतच सुटली, मग चंदगड सोडून इथे बडोद्याला आलो. हिशेब विभागातल्या निर्मलाताईही समितीत आहेत. साहेबांनी एका कंपनीचे रोखे घ्यायचे सुचवलं, "सगळ्यांना मान्य?" विचारलं आणि टेबलाभोवती हात वर गेले, एक बगळा उडाला की मागोमाग सगळे उडतात, तसे. माझाही निघालाच होता.

"गावडे, कळलं का काही?" ताईंनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग खाली घ्या की! चहाला हो म्हणताय का?"

मी हात खाली घेतला. एकमत नसलं की विषय पुढच्या बैठकीला जातो. तसा तो गेला. साहेब हसून म्हणाले, "गावडे, आज उपास वाटतं! हात वर करायचंही बळ नाही!"

तेव्हापासून जिवाला घोर आहे. एकट्याची हाव किंवा भीती चालू नये म्हणून चार माणसं एकत्र बसवतात. पण एकत्र बसलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने वाचलंच असेल. ज्यांचं म्हातारपण या पैशांवर आहे, ते बाहेर यंत्रापाशी निर्धास्त असतात, कारण आत मी आहे. आणि मला तर रोखा म्हणजे काय, तेही अजून धड सांगता येत नाही.

ताई हल्ली जेवणाच्या सुट्टीत मला समजावतात. त्यांचे उपकार आज फेडता येणार नाहीत. पण कधी हरकत घेताना त्या एकट्या पडल्या, तर साहेबांना थांबवून मी म्हणेन, "आधी ताईंचं पुरतं ऐकून घ्या." तेवढं मी नक्की करीन.