देवराईतलं आडवं झाड

किसनभाऊ गेल्याचं मला घोडेगावच्या स्टँडवर कळलं. डोंगराकडच्या एसटीचा कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून चहा पीत होता. "सर, तुमचे फॉरेस्टवाले भाऊ गेले हो, परवाच," तो म्हणाला. तुमचे... तो शब्द ऐकायची माझी लायकी उरली नव्हती.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचो आणि भाऊ त्या बाजूचे वनरक्षक. नव्वदच्या दशकात कितीतरी पावसाळे मी त्यांच्यामागे देवराईत हिंडलो. तिथं एक जुनं जांभूळ आडवं पडलं होतं. त्याच्या अंगावर बशांच्या चळतीसारखी अळंबी यायची. भाऊ चिमूटभर कुजकं लाकूड कुस्करून माझ्या तळहातावर ठेवत. "ही बुरशी नसती ना सर, तर रानात नुसती मढी साचली असती. ही खाती, म्हणून बाकीच्यांना मिळतं." पुस्तकातलं विघटन मला कळलं ते या माणसामुळे. आणि तरीही मी माती खाल्ली.

देवराईतली काटकीसुद्धा सरपणाला घ्यायची नाही, हा गावाचा रिवाज. एका वर्षी तिथं आमचं श्रमदान शिबिर होतं, भाऊ रजेवर होते, आणि मुलांच्या मनातलं देवाचं भय घालवायची मला हुक्की आली. पहिली कुऱ्हाड मीच घातली. चार दिवस त्या जांभळावर शिबिराचा स्वयंपाक झाला. रिवाजातलं भय तेवढं मला दिसलं. त्यानं काय राखलं होतं ते दिसलं नाही.

भाऊ परतले, रिकाम्या जागेशी जाऊन उभे राहिले. "देव काय कोपत न्हाई, सर. पण लई जणांचं ताट व्हतं ते."

पुढं दर पावसाळ्यात कंडक्टरबरोबर त्यांचा निरोप यायचा, अळंबी आलीय, या. मला तोंड दाखवायची लाज वाटे. गुडघा धरलाय, चढण झेपत नाही, असं मी खोटंच कळवत राहिलो. त्यांच्यामागून चालायला जीव तळमळायचा, तरी गेलो नाही.

महिन्याभरानं वहिनींना भेटायला गेलो. त्या मला देवराईकडे घेऊन निघाल्या. निसरड्या चढणीवर सपाट दगडांच्या पायऱ्या दिसल्या. कुणी केल्या, म्हणून विचारलं.

"ह्यांनीच. सुट्टीच्या दिवशी दोन-दोन दगड लावायचे. म्हणायचे, सरांचा गुडघा दुखतो, पायऱ्या झाल्या की येतील."

मी एकेका दगडावर पाय देत वर गेलो... एकही डुगडुगला नाही.